पेन्हाच्या पिवळ्या इमारतीसमोर थांबणाऱ्या टूर लीडरांना खुले पत्र

प्रति,
कॅरिबियन क्रूझवर मराठी पाहुण्यांना नेणारे सर्व सहल-आयोजक आणि टूर लीडर

विषय : विलेमस्टाडच्या धक्क्यावरची पेन्हा इमारत आणि तिथे पाहुण्यांना दिली जाणारी माहिती

स.न.वि.वि.

मी वेंगुर्ल्याचा. आमच्याकडे ‘तो बोटीवर होता’ एवढं म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. तसा मी 19 वर्षं बोटीवर होतो, इंजिन रूममध्ये फिटर. त्यातले बरेच हिवाळे कॅरिबियनच्या फेऱ्यांवर गेले आणि कुरासाव बेटावरचं विलेमस्टाड बंदर मला आमच्या बाजारपेठेइतकं पाठ झालं. बोट लागली आणि पाळी नसली की गँगवेवरून उतरायचं आणि धक्क्यावर जाऊन बसायचं. तीन-चार तास मिळायचे.

माझ्या शेवटच्या कॉन्ट्रॅक्टमधली गोष्ट. मी असाच बसलो होतो आणि कानावर मराठी पडलं. परदेशात असं झालं की माणूस आपोआप मान वळवतो. तीसेक पाहुण्यांचा गट होता, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या. पुढे तुमच्यापैकीच कुणीतरी. त्या मुलाने सांगितलं, ‘ही 1708 सालची डच इमारत. या बेटावर सगळ्यात जास्त फोटो हिचेच निघतात. दहा मिनिटं फोटो, मग खरेदी.’ गटात एक आजी होत्या. नऊवारी, पायात स्पोर्ट्स शूज, हातात काठी. त्यांनी मान वर करून ती इमारत नीट बघितली आणि विचारलं, ‘एवढी मोठी पेढी बांधलीन, पण धंदा कसला करायचे हो इथे?’

‘मसाल्याचा, आजी. डच लोक मसाल्याचाच व्यापार करायचे.’

आजींनी मान डोलावली आणि गट पुढे गेला. मी उठून बोलायला हवं होतं. बोललो नाही. अंगावर बोटीचे कपडे, आपण कोण सांगणारे, असं वाटलं. त्या गोष्टीला काही वर्षं झाली, पण त्या आजींचा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. त्यांना मिळालेलं उत्तर चुकीचं होतं आणि बरोबर उत्तर त्यांना पेललं असतं. म्हणून हे पत्र.

त्या मुलाला मी दोष देत नाही. आपल्याला शाळेत डच म्हणजे मिरी, लवंग, जायफळ असंच शिकवलेलं असतं, आणि ते पूर्वेपुरतं खरंही आहे. पण डचांच्या कंपन्या दोन होत्या. 1602 साली निघालेली ईस्ट इंडिया कंपनी आपल्याकडे आली, 1637 साली तिने आदिलशाही मुलखात वेंगुर्ल्याला वखार घातली आणि गोव्याच्या पोर्तुगिजांना समुद्रावर कोंडायला त्या जागेचा उपयोग केला. मसाल्याचा पैसा होता तो तिच्याकडे. दुसरी वेस्ट इंडिया कंपनी, 1621 ची. तिच्या वाट्याला आफ्रिकेचा पश्चिम किनारा आणि अमेरिका. 1634 साली तिने स्पॅनिशांकडून कुरासाव घेतलं. मीठ हवं होतं, आणि त्याहून जास्त म्हणजे बंदर हवं होतं. जमीन कोरडी, वर्षभराचा पाऊस आमच्या कोकणातल्या एकट्या आषाढालाही लाजेल इतका कमी, मोठं पीक येण्यासारखं काही नाही. पण सेंट ॲना नावाची अरुंद, खोल खाडी थेट शहरातून आत शिरते आणि आत मोठ्या तळ्यासारखं बंदर उघडतं. वादळात, युद्धात जहाजं लपवायला यापेक्षा चांगली जागा त्या समुद्रात शोधून मिळायची नाही. व्हेनेझुएलाचा किनारा तिथून जवळ. 1670 च्या दशकात बेट खुलं बंदर झालं आणि ही इमारत जिथे आहे ती पुंडा वस्ती व्यापाऱ्यांनी भरून गेली.

आता इमारतीबद्दल. आपण तिचा रंग दाखवता, तसं तिचं अंगही दाखवा. पुंडाभोवती तेव्हा तट होता, तो 1860 च्या दशकात पाडला. तटाच्या आत जागा मर्यादित, म्हणून घरं वर वाढली. खाली दुकान आणि माल, वर राहतं घर, माळ्यावर पुन्हा माल. आपल्या पेठेतल्या जुन्या वाड्यांची आठवण यावी अशीच ही रीत. बाजूंना काढलेले सज्जे मात्र हॉलंडमध्ये दिसत नाहीत. ते उन्हाने शिकवले. हॉलंडहून आणलेला नकाशा इथल्या उन्हात टिकेना तेव्हा घरांना पडव्या फुटल्या. छपराचं टोक झाकणारी ती लाटेसारखी वळणावळणाची भिंत आणि तिच्यावरची पांढऱ्या गिलाव्याची वेलबुट्टी, याला तिथले लोक कुरासावचा स्वतःचा बरोक म्हणतात, आणि पेन्हाची इमारत हा त्याचा ठळक नमुना समजतात.

भिंतींचं तर मला विशेष वाटायचं. तिथल्या जुन्या घरांच्या भिंतींत समुद्रातलं प्रवाळ आहे. जोडीला हॉलंडच्या बारक्या पिवळ्या विटा, ज्या रिकाम्या जहाजाला तोल यावा म्हणून नीरम म्हणून तळाशी भरून आणत. प्रवाळातलं आणि समुद्राच्या वाळूतलं मीठ आजही आतून बाहेर येतं आणि गिलावा फोडतं. कितीही रंग द्या, काही वर्षांत पोपडे धरतात. डच भाषेत त्या दुखण्याला भिंतीचा कर्करोग म्हणतात. 1954 पासून तिथे जुन्या वास्तू सांभाळणारी संस्था काम करते आहे, 1997 साली जुनं शहर आणि बंदर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, आणि तरी हे मीठ काढत राहावंच लागतं. त्या पिवळ्या रंगामागे किती गवंड्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत आहे हे पाहुण्यांना कुणी सांगत नाही.

रंगाची गोष्ट आपण सांगता, ती सांगत राहा, पाहुण्यांना आवडते. 1817 साली गव्हर्नर किकर्टने पांढऱ्या भिंतींवरून परतणाऱ्या उन्हाने डोकं दुखतं म्हणून घरं रंगवायचा हुकूम काढला. रंगाच्या दुकानात त्याची स्वतःची भागीदारी होती असंही सांगतात. पण एक लक्षात घ्या, 1708 पासून त्या हुकमापर्यंत शंभराहून जास्त वर्षं गेली. हा धक्का उभा राहिला तेव्हाचा बाजार रंगीत चित्रासारखा नव्हता.

धक्क्याचं नावच हान्डेल्सकाडे, म्हणजे व्यापाराचा धक्का. आजी, इथे कोको होता. व्हेनेझुएलाच्या मळ्यांतून तो यायचा आणि आम्सटरडॅमला जायचा. तंबाखू, कातडी, रंगाचं लाकूड, बोनेर बेटावरचं मीठ, युरोपातलं कापड, अवजारं. स्पॅनिश वसाहतींना परक्यांशी व्यापार करायला बंदी होती, त्यामुळे यातला कितीतरी माल रात्रीच्या अंधारात किनारे बदलायचा. आणि या सगळ्या मालाबरोबर माणसं होती.

1662 पासून स्पेनच्या राजाकडून गुलाम पुरवण्याचा मक्ता घेणारे ठेकेदार आपला पुरवठा कुरासावहून उचलू लागले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून वेस्ट इंडिया कंपनीची जहाजं माणसं भरून आणायची. महिना-दोन महिने, कधी त्याहून जास्त, जहाजाच्या पोटात साखळदंडात. मी जहाजाच्या पोटात 19 वर्षं काढली आहेत, पंखे, एसी, जेवणाची सुट्टी असताना. तिथला उकाडा आणि आवाज काय असतो ते मला ठाऊक आहे, आणि तरी त्या माणसांच्या प्रवासाची कल्पना करता येत नाही. जी जिवंत उतरायची त्यांना कंपनी शहराबाहेरच्या तळांवर ठेवायची, खाऊ घालून विकण्याजोगी करायची, डागण्या द्यायची आणि मग पुढच्या बंदरांना रवाना करायची. हजारोंच्या हजारो माणसं या एका बेटातून अशी गेली.

करारांत त्यांची मोजणी कशी व्हायची ते ऐका. स्पॅनिशमध्ये शब्द होता ‘पिएसा दे इंदियास’. मराठीत याला अगदी नेमका शब्द आहे, आपल्या कुठल्याही दुकानात दिवसातून शंभर वेळा ऐकू येणारा. नग. तरुण, धडधाकट, अंगात खोट नसलेला पुरुष म्हणजे एक नग. मुलं, आजारी आणि वय झालेली माणसं यांची मोजणी अपूर्णांकात. इतक्या हजार नगांचा करार, इतके नग पोचले, इतके कमी भरले. कोकोच्या गोणीसाठी आणि आईच्या कडेवरच्या पोरासाठी एकाच प्रकारचा हिशेब. त्या बंदरातली श्रीमंती या जमाखर्चावर वाढली. प्रश्न एकट्या पेन्हाच्या इमारतीचा नाही, अख्ख्या धक्क्याचा आहे. पेन्हा ही अत्तरांची प्रसिद्ध पेढी तर 1865 ची. पण सगळे कॅमेरे जिच्यावर रोखलेले असतात तिच्यासमोर उभं राहूनच हे सांगितलं पाहिजे, कारण ऐकणारे तिथेच थांबलेले असतात.

इथे एक मराठी धागा आहे आणि तो आपण आजवर कधी ओढला नाही याचं मला आश्चर्य वाटतं. शिवाजी महाराजांनी 1677 साली जिंजीचा मुलूख घेतल्यावर तिथल्या डचांना कौल, म्हणजे लेखी आश्वासन, दिला. त्यात व्यापाराच्या सवलती आहेत, आणि एक स्पष्ट मनाई आहे : या मुलखात पूर्वीच्या राजवटीत तुम्ही बायका-पुरुष गुलाम म्हणून विकत घेऊन नेत होता, माझा अंमल आहे तोवर ते चालणार नाही. हे डचांच्याच दप्तरात नोंदलेलं आहे. काळ बघा. त्याच दशकात तिकडे कुरासाव खुलं बंदर होऊन माणसांची उतारपेठ बनत होतं. एकाच देशाच्या व्यापाऱ्यांना जगाच्या एका टोकाला ‘नाही’ ऐकायला मिळालं आणि दुसऱ्या टोकाला कुणी ‘नाही’ म्हणणारं नव्हतं. पाहुण्यांना हे सांगा. पण अर्धं सांगू नका. पुढे पेशवाईच्या कागदांत कुणबिणींची, म्हणजे दासींची, खरेदी-विक्री किमतीसकट सापडते. आपण फक्त बघे म्हणून त्या धक्क्यावर उभे नसतो.

‘कुणी नाही म्हणणारं नव्हतं’ हे वाक्य मात्र मला दुरुस्त केलं पाहिजे, कारण होतं. तुला. हे माणसाचं नाव. 17 ऑगस्ट 1795 रोजी क्निप नावाच्या मळ्यावर तो आणि त्याचे सोबती मालकासमोर उभे राहिले आणि काम करणार नाही म्हणाले. त्यांचं म्हणणं साधं होतं. फ्रान्सने आपल्या वसाहतीतल्या गुलामांना मुक्त केलंय, हॉलंड आता फ्रान्सच्या ताब्यात आहे, मग आम्ही अजून गुलाम का? समजूत घालायला पाठवलेल्या पाद्र्याने तुलाशी झालेलं बोलणं लिहून ठेवलं, म्हणून ते आपल्यापर्यंत आलं. उठाव पसरला, शेकडो माणसं सामील झाली. महिन्याभराने तो चिरडला गेला आणि 3 ऑक्टोबरला तुलाला हालहाल करून मारलं. गुलामी संपायला 1 जुलै 1863 उजाडला. 2010 मध्ये बेटाने तुलाला राष्ट्रवीर मानलं. डच सरकारने त्याच्यावरचा गुन्हेगाराचा शिक्का पुसायला 2023 साल लागलं.

त्याचं स्मारक खाडीपलीकडच्या ओत्रोबंदाच्या बाजूला रिफच्या किनाऱ्यावर आहे. तुमची मोठी जहाजं लागतात त्याच बाजूला! म्हणजे आपण पाहुण्यांना तुलाकडे पाठ करून पुलावर नेतो आणि पलीकडच्या पिवळ्या भिंतीचा फोटो काढायला लावतो. मीही कितीतरी वर्षं हेच केलं. माझ्याबरोबर इंजिन रूमला असलेल्या एका स्थानिक सहकाऱ्याने मला एकदा तिकडे नेलं तेव्हा कळलं.

पुलाबद्दलही दोन शब्द, कारण तो माझ्या धंद्यातला आहे. 1888 सालचा हा तरंगता पूल, होड्यांवर टेकलेला. त्याची कल्पना तिथल्या अमेरिकन कॉन्सुलची, लेनर्ड स्मिथची. जहाज आलं की इंजिन सुरू होतं आणि सबंध पूल दारासारखा एका बाजूला वळतो. तोवर पलीकडे जायला फुकट होडी असते. आपले पाहुणे पूल उघडताना व्हिडिओ काढतात, काढू देत. पण त्यांना सांगा की 1934 पर्यंत या पुलावर टोल होता, आणि तो पायात जोडे असणाऱ्यांनाच. अनवाणी माणूस फुकट. हेतू चांगला असेल, पण तिथले म्हातारे सांगतात की गरीब माणसंसुद्धा कुणाचे तरी जोडे मागून घालायची आणि पैसे भरून पूल ओलांडायची. अनवाणी चालणं ही ज्यांच्या आज्या-पणज्यांच्या गुलामीची खूण होती, त्यांनी दोन पैसे देऊन ती खूण झाकली. जोड्याला तिथल्या पापियामेंतु भाषेत ‘सापातु’ म्हणतात. आपल्या सपाता आठवल्या ना? दोन्ही शब्द पोर्तुगिजांकडून आलेले. किल्लीला ते ‘याबी’ म्हणतात, आपण चावी. गुलामांच्या तोंडी घडलेली ही भाषा 2007 पासून तिथली अधिकृत भाषा आहे. आपल्या माणसांना ‘थँक यू’ऐवजी ‘दांकी’ म्हणायला शिकवा. समोरच्याचा चेहरा बदलतो.

30 मे 1969 चंही सांगा, थोडक्यात. बेटावरच्या तेल रिफायनरीच्या ठेकेदाराकडच्या कामगारांना समान कामाला समान पैसे हवे होते. मोर्चा शहराकडे निघाला, पुंडा आणि ओत्रोबंदात दुकानं पेटली, दोन माणसं गेली. कामगार पुढारी पापा गोडेटला गोळी लागली. जुन्या शहराच्या कितीतरी इमारती त्या दिवशी जळाल्या. धक्क्यावरची गोंडस रांग बघताना तिच्या मागच्या गल्ल्यांतली तरुण बांधकामं आणि रिकामे प्लॉट दिसले तर त्याचं एक कारण हे आहे.

आता माझी मागणी. दहा मिनिटांची पंचवीस करा. सुरुवात ओत्रोबंदाच्या काठावरून करा. ओत्रोबंदा म्हणजेच पलीकडची बाजू, आमच्याकडे म्हणतात तसं पल्याड. मालक अल्याड, राबणारे आणि पुढे मुक्त झालेले बरेचसे पल्याड, अशी ती खाडी होती. त्या बाजूने पेन्हाची इमारत दिसतेही जास्त चांगली. फोटो तिथून काढा. बोलायचं ते तिथेच बोला, मग पूल चालत ओलांडा. ज्यांना चालवतं त्यांना आधी तुलाच्या स्मारकापर्यंत न्या. कुरा हुलांदा संग्रहालय उघडं असेल तर ज्यांना हवं त्यांना तिथे अर्धा दिवस मोकळा द्या. तिथल्या बेड्या बघून आल्यावर खरेदीची घाई आपोआप कमी होते. आणि स्थानिक वाटाड्या घ्या, दिवसाचे पैसे द्या. हे सगळं मी सांगतो त्यापेक्षा त्याच्या तोंडून शंभरपट खरं येईल.

‘सहलीला आलेल्या लोकांना दुःखाचं कशाला?’ हे आपण म्हणणार, मला माहीत आहे. सेल्युलर जेलला आपणच नेता ना? तिथे सावरकरांच्या कोठडीसमोर माणसं डोळे पुसतात आणि संध्याकाळी समुद्रावर फिरायलाही जातात. आपले पाहुणे तेवढे मोठे आहेत. त्या आजी तर नक्कीच होत्या.

आणखी एक. आपल्यातले बरेच जण कोकणच्या सहलीही काढतात. वेंगुर्ल्याची डच वखार त्यात क्वचितच असते, असली तर बसच्या खिडकीतून. राज्य संरक्षित स्मारक आहे ते. चिऱ्याच्या भिंतींत झाडांची मुळं घुसलेली, छप्पर नाही, आत रान. आम्ही पोरं तिथे लपाछपी खेळायचो. याच वखारीतून डचांनी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या लिहून पाठवल्या, ज्या आज इतिहासाची साधनं म्हणून वाचल्या जातात. कुरासावची भिंत मीठ खातं आणि आमची भिंत पाऊस खातो. तिकडे ती सांभाळायला माणसं आहेत. इकडे बघायला कुणी येतच नाही तर सांभाळायचं कुणी? आपल्या दहा बस वर्षभरात तिथे थांबल्या तरी नगरपरिषदेपासून पुरातत्त्व खात्यापर्यंत हालचाल होईल. ज्यांनी विलेमस्टाड बघितलं आहे त्यांना ही पडकी वखार दाखवा, आणि जे विलेमस्टाडला निघालेत त्यांना आधी ही दाखवा.

कॅरिबियनचा हंगाम नोव्हेंबरपासून, म्हणजे आपली पत्रकं पावसाळ्यातच छापायला जातात. त्याआधी कुरासावच्या दिवसाचे दोन परिच्छेद बदलून घ्यावेत. मजकूर मी लिहून देईन. टूर लीडरांचं प्रशिक्षण मुंबईत, पुण्यात, कुठेही असो, एक तास मला बोलवा. प्रवासखर्च माझा मी करीन. आणि तो मुलगा हे वाचत असेल, तर त्याने त्या आजींना फोन करून कळवावं की इथे मसाले नव्हते.

कळावे,
आपला,
वेंगुर्ल्याचा एक निवृत्त फिटर